सनपॅकचं विमान आणि गोंदाची निवड



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, पण घरातलाच आहे. मुलांनी विमानाचं मॉडेल करायला घेतलं, तर त्यांच्या हातात गोंद कुठला द्यायचा? वरवर पाहता हा दुकानदाराला विचारायचा प्रश्न. आमच्या घरी मात्र त्यावर जवळजवळ सगळा चातुर्मास चर्चा झाली. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवते. तुमच्याकडेही असं एखादं विमानवेडं लेकरू असेल, तर उपयोगी पडेल.

कोयनानगरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या, कपडे दमट, मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं. या हवेत पुठ्ठ्याचं विमान दोन दिवसांत मऊ पडतं. थर्माकोल हलका असतो, पण कापताना त्याचे दाणे घरभर होतात आणि वाऱ्याबरोबर ओढ्यात जातात. म्हणून आमच्या धाकट्यानं सनपॅक निवडलं.

सनपॅक म्हणजे दुकानांच्या पाट्या, क्लासच्या जाहिराती आणि निवडणुकीचे फलक ज्याचे असतात ते प्लॅस्टिक. दोन पातळ थर आणि मध्ये उभ्या नळ्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्याचंच रूप, फक्त प्लॅस्टिकमध्ये. पाणी शिरत नाही, कटरनं कापता येतं, पडलं तर सहसा तुटत नाही, वाकतं. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी यापासून रिमोटवर उडणारी विमानं करायची एक पद्धतच बसवली. तिला ते स्पॅड म्हणतात, म्हणजे साधं प्लॅस्टिकचं विमान. तिथेही निवडणूक संपली की जुने फलक विमानात जात. आम्हीही नवीन शीट आणलं नाही. पाटणच्या एका दुकानाची जुनी पाटी मागून आणली. परिग्रह वाढला नाही आणि एक पाटी कचऱ्यात जायची वाचली.

पाटी मिळाली, कापूनही झाली. अडलं ते जोडायच्या ठिकाणी.

सासूबाईंचा पहिला प्रश्न

आमच्या सासूबाईंना व्रतांची बारीक जाण आहे. घरात नवी वस्तू आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कशाचं बनलंय गं हे?" गोंदाच्या बाबतीत तो प्रश्न अगदी रास्त आहे.

जुन्या काळी सुतार जो गोंद वापरत त्याला सरस म्हणत. तो जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला असायचा. वापरण्याआधी तो दर वेळी तापवून पातळ करावा लागे. सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी सुताराला सरसाचं भांडं आमच्या चुलीवर तापवायला कुणी देत नसे. त्याला अंगणात वेगळी तीन दगडांची चूल करून द्यायचे. 1959 मध्ये बळवंत पारेख यांच्या कंपनीनं फेविकॉल बाजारात आणला आणि सुतारांच्या हातून सरसाचं भांडं हळूहळू सुटलं. हा पांढरा गोंद कृत्रिम, न तापवता लावायचा. तो सुतारांच्या सोयीसाठी केलेला होता, पण त्यामुळे किती कातडी आणि हाडं आपल्या कपाटांत आणि देव्हाऱ्यांत यायची थांबली, याचा विचार आपण करत नाही.

लाखसुद्धा किड्यांपासून येते, म्हणून तीही नको. खळ चालते, पण ती त्या दिवशीची त्या दिवशीच. आपल्याकडे कालवलेलं पीठ रात्रभर ठेवत नाहीत, तोच नियम खळीला. शिवाय कोयनेच्या ओलीत खळीवर दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते. दुधातल्या केसीनचाही एक गोंद असतो आणि पूर्वी खऱ्याखुऱ्या विमानांत तो वापरत. दुसऱ्या महायुद्धातलं इंग्लंडचं मॉस्किटो हे विमान बहुतांशी लाकडाचं होतं. सुरुवातीला ते केसीनच्या गोंदानं जोडत. ओल लागली की तो गोंद कमकुवत होतो आणि त्याला बुरशी धरते, म्हणून पुढे त्याच्या जागी कृत्रिम गोंद आला. म्हणजे दमट हवेत विमान कशानं जोडायचं हा प्रश्न आमच्या धाकट्याच्या आधी मोठमोठ्या कारखान्यांनाही पडलेला होता.

आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे बहुतेक गोंद मुळात कृत्रिम रसायनांचे आहेत: पांढरा गोंद, क्विक गोंद, दोन ट्यूब मिसळून होणारा इपॉक्सी, पिवळसर रबराचा गोंद, ग्लू गनच्या कांड्या. त्यामुळे सासूबाईंच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं. मग पुढचा प्रश्न आला: यातला सनपॅकला चिकटतो कुठला?

हे प्लॅस्टिक गोंद का धरत नाही

सनपॅक पॉलिप्रॉपिलीनचं असतं. पाटीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो पसरत नाही, गोळा होऊन बसतो, थेट अळवावरच्या पाण्यासारखा. गोंद चिकटायचा तर आधी तो पृष्ठभागावर पसरला पाहिजे. प्रत्येक पृष्ठभागाची एक ओढ असते, शास्त्रात तिला पृष्ठऊर्जा म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनची ही ओढ 30 च्या आसपास असते, तर पाण्याचं स्वतःला धरून ठेवण्याचं बळ त्याच एककात 72. म्हणून पाणी स्वतःलाच धरून बसतं, प्लॅस्टिकवर पसरत नाही. पाण्यात कालवलेल्या गोंदाचंही थोडंफार तेच होतं.

लाकडाला आणि कागदाला गोंद धरतो याचं दुसरं कारण म्हणजे त्यांत बारीक छिद्रं असतात. गोंद आत शिरतो, पाणी शोषलं जातं, मागे घट्ट थर राहतो. सनपॅकला छिद्रं नाहीत आणि ते पाणी शोषत नाही.

एक गंमत सांगते. क्विक गोंदाच्या बाटल्या सहसा पॉलिथिनच्या असतात. पॉलिथिन हे पॉलिप्रॉपिलीनचं सख्खं भावंड. ज्या घराण्यातल्या बाटलीत तो गोंद सुखानं राहतो, त्याच घराण्यातल्या पाटीला तो घट्ट कसा धरणार?

पट्ट्यांची परीक्षा

धाकट्यानं वहीत रकाने आखले. पाटीच्या पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापल्या, दोन पट्ट्या दोन सेंटिमीटर एकावर एक ठेवून चिकटवल्या, तीन दिवस ठेवल्या. मग प्रत्येक जोडीला खाली एक लिटरची पाण्याची बाटली टांगली. बाटली धरली, तर नंतर कड नखानं उचलून सोलून बघायची. या दोन परीक्षा वेगळ्या आहेत आणि दोन्ही लागतात. सरळ ओढताना सगळा गोंद मिळून भार घेतो. सोलताना सगळा भार एका रेषेवर येतो. विमान नाकावर आपटतं तेव्हा सांधे बहुधा सोलले जातात.

पांढरा गोंद तिसऱ्या दिवशीही मधोमध ओला होता. पाणी जाणार कुठे? दोन्हीकडे प्लॅस्टिक आणि बाहेर श्रावण.

क्विक गोंदानं बाटली धरली, पण कड उचलताच कट्‌ आवाज करून सुटला. तो कडक होतो, वाकत नाही, आणि सनपॅक तर वाकणारं. शिवाय हा गोंद हवेतल्या ओलीनंच घट्ट होतो, त्यामुळे आमच्याकडे उघडलेली ट्यूब लवकरच आत दगड होऊन बसते. या गोंदाआधी प्लॅस्टिकला लावायचं एक खास प्रायमर मिळतं. त्यानं काम होतं, पण गावातल्या दुकानात ते नसतं.

इपॉक्सी दिसायला सगळ्यांत मजबूत. सोलला तर पापडासारखा अख्खा निघून आला, खालचं प्लॅस्टिक जसंच्या तसं, चकचकीत.

पत्रे आणि प्लॅस्टिक जोडायला म्हणून एका दुकानदारानं "याला काहीही चिकटतं" असं सांगून एक ट्यूब दिली होती, तीही सोलताना निघाली. त्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्लॅस्टिक हा शब्द एकच असला, तरी वस्तू अनेक आहेत. पाण्याच्या पाइपाचं पीव्हीसी त्याच्या गोंदानं विरघळून एकजीव होतं, पॉलिप्रॉपिलीन तसं विरघळत नाही.

पहिला आला तो रबराचा गोंद, चपला आणि सनमायका चिकटवायला वापरतात तो. पाटी पॉलिश पेपरनं घासून, स्पिरिटनं पुसून, दोन्हीकडे पातळ लावला, दहा-पंधरा मिनिटं सुकू दिला आणि मग दाबला. तो रबरासारखा असल्यानं पट्टीबरोबर वाकला. सोलतानाही चिवटपणे धरून राहिला.

दुसरा आला ग्लू गनचा गरम गोंद. नुसत्या पाटीवर तो बरा, फार घट्ट नाही.

म्हणजे परीक्षेप्रमाणे रबराचा गोंद निवडायला हवा होता. आम्ही निवडला नाही. त्याची दोन कारणं आहेत, आणि खरं तर ती सांगायलाच हा लेख लिहायला घेतला.

श्वास आणि किडे

धाकट्याला पावसाळ्यात दम लागतो. त्या दिवसांत इन्हेलर उशाशी असतो. रबराच्या गोंदात टोल्युइनसारखी उडणारी द्रव्यं असतात. त्यांचा वास डोक्यात जातो, आणि ती पेटही घेतात. उन्हाळ्यात अंगणात बसून लावला तर गोष्ट वेगळी. पण आषाढ-श्रावणात खिडक्या बंद, बाहेर धो धो पाऊस, आणि घरात दम्याचं लेकरू. विमान करायची आवड त्याची, आणि त्यासाठी लागणारा गोंद त्याच्याच छातीवर बसणारा. तो तरीही म्हणत होता, "आई, मी रुमाल बांधून लावतो." रुमालानं धूळ अडेल, वाफ अडत नाही.

दुसरं कारण सासूबाईंनी दाखवलं. पट्ट्यांना रबराचा गोंद लावून आम्ही परसदारी छपराखाली सुकायला ठेवल्या होत्या, धाकट्याला खोलीबाहेर ठेवूनच. दिवस होता, तरी ढगामुळे अंधारलेलं, म्हणून बल्ब लावला होता. सासूबाई जवळ जाऊन बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा गोंद पंधरा मिनिटं उघडा ठेवायचा म्हणतेस. पावसाळ्यात दिव्यापाशी काय काय येतं, ठाऊक आहे ना?" बल्बभोवती पंखवाले किडे घिरट्या घालत होतेच. आम्ही लगेच बल्ब बंद करून पट्ट्यांवर ताट उपडं घातलं.

उंदरांसाठीचे चिकट पुठ्ठे आपण घरात आणत नाही. रात्री दिव्याखाली जेवत नाही, त्यामागेही हेच आहे की दिव्याकडे जीव येतात. मग ओला चिकट गोंद पंधरा मिनिटं उघडा ठेवणं म्हणजे तसाच एक पुठ्ठा मांडून ठेवणं झालं, फक्त उंदराऐवजी मुरकुटासाठी. गोंदाच्या डब्यावर किती वेळ सुकू द्यायचा ते लिहिलेलं असतं. तो वेळ जीवांच्या बाजूनं वाचायचा असतो, हे मला सासूबाईंमुळे कळलं.

ग्लू गनचा गोंद अर्ध्या-एक मिनिटात थंड होऊन घट्ट होतो आणि मग त्यावर काही अडकत नाही. वासही नावापुरता. तो लावताना खिडकीची एक फट उघडी ठेवली तरी पुरे. मग ठरलं: गोंद हाच, आणि काम दिवसा, दिवा न लावता. राहिला प्रश्न मजबुतीचा.

वाकळीचा टाका

तोही सासूबाईंनीच सोडवला. त्या वाकळ शिवत बसल्या होत्या. आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "चिकटत नाही तर शिव की त्याला. जुनेराला कुठं आम्ही गोंद लावतो?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. यात नवीन असं काही नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी काथ्यानं शिवलेल्या होड्या समुद्रात चालत. इंग्लंडमध्येही 1960 च्या दशकात घरच्या घरी होडी बांधायची एक पद्धत लोकप्रिय झाली. तिच्यात प्लायवुडचे तुकडे आधी तांब्याच्या तारेनं शिवतात आणि मग सांध्यावर गोंद आणि काचेच्या धाग्याची पट्टी बसवतात. टाका जागा धरतो, गोंद हालचाल थांबवतो. दोघांनी मिळून भार वाटून घ्यायचा.

सनपॅकला याचा आणखी एक फायदा आहे, तो म्हणजे त्याच्या नळ्या. वरच्या थराला दाभणानं ओळीनं भोकं पाडली आणि वर गरम गोंद सोडला, की तो भोकातून आत नळीत उतरतो, पसरतो आणि तिथेच घट्ट होतो. बाहेर गोंद, आत गाठ, मध्ये अरुंद मान. शर्टाचं बटण काजातून आडवं निघत नाही, तसंच हे. प्लॅस्टिकला चिकटायची इच्छा नसली तरी सांधा सुटत नाही. धाकट्यानं पट्टीची परीक्षा पुन्हा घेतली. भोकं आणि टाके असलेली पट्टी सोलताना शेवटी प्लॅस्टिक फाटायला लागलं, सांधा तसाच होता. वहीत त्यानं त्या रकान्यात मोठ्ठी बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, "आज्जीचा गोंद".

ज्योतीचा प्रश्न

आणखी एक उपाय आहे आणि तो खरोखर चालतो, म्हणून सांगते. पाटीवरून लायटरची किंवा गॅसची निळी ज्योत झरकन फिरवली, तापून मऊ होणार नाही इतकी झरकन, तर वरच्या थराची हवेतल्या प्राणवायूशी क्रिया होते आणि गोंदाला धरायला जागा तयार होते. कारखान्यातही प्लॅस्टिकवर छपाई करण्याआधी ज्योतीची किंवा विजेची अशी प्रक्रिया करतात. झालं की नाही ते ओळखायची खूण म्हणजे तोच पाण्याचा थेंब. आधी गोळा होऊन बसणारा थेंब आता पसरतो. हा गुण कायम टिकत नाही, म्हणून ज्योत फिरवली की लगेच चिकटवायचं.

हे काम मोठ्यांनीच करायचं, आणि स्पिरिट, रबराचा गोंद असलं काही आसपास नको.

आमच्याकडे यावर वेगळाच विचार झाला. रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यात प्रमादचर्येखाली विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं येतं. कळीचा शब्द विनाकारण हा आहे. सासूबाईंचं म्हणणं असं की टाक्यानं भागत असेल, तिथे ज्योत कशाला? आणि जिथे टाका बसतच नाही, तिथे दोन क्षण ज्योत फिरवली तर ते विनाकारण नव्हे. त्याप्रमाणे पूर्ण विमानात एकाच जागी, शेपटीच्या बारीक कडेला, आम्ही ज्योत वापरली. खेळच मुळात अनर्थ नाही का, असंही मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "लेकरू मोजतंय, लिहितंय, किड्याला जपतंय. याला मी खेळ म्हणेन, प्रमाद म्हणणार नाही."

आता आमची पद्धत अशी

पंख 80 सेंटिमीटर लांब, 15 रुंद, तीन मिलिमीटरच्या सनपॅकचे. नळ्या पंखाच्या लांबीच्या दिशेनं घ्यायच्या, आडव्या घेतल्या तर पंख मधोमध दुमडतो. पंखाचे दोन भाग थोडे वर उचलून मध्ये जोडायचे. हा सांधा सगळ्यात जास्त ताण घेतो, म्हणून त्यावर सनपॅकचीच एक पट्टी ठेवून वाकळीचा टाका, मग भोकांतून गोंद. शिवाय नळीत बांबूची बारीक काडी सरकवायची, म्हणजे भार गोंदावर येतच नाही.

शेपटीचा उभा भाग नुसत्या कडेवर चिकटवू नये, कारण कडेला गोंदासाठी जागाच नसते. खालच्या कडेला एकच थर कापून पाटी दुमडायची, एक कान तयार होतो. तो कान सपाट चिकटवायचा आणि शिवायचा. गोंदाला जितकी रुंद जागा द्याल तितका तो धरतो.

धड म्हणजे 60 सेंटिमीटरची बांबूची कामटी. नाकाशी एक बोल्ट वजनासाठी. पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पावभागापासून तिसऱ्या भागापर्यंत कुठेतरी बोटावर तोल आला पाहिजे.

गोंद मोजून वापरायचा. ग्लू गनची बारीक, वीस सेंटिमीटरची एक कांडी सात ग्रॅमच्या आसपास भरते. तीन कांड्या संपवल्या तर वीस ग्रॅम झाले, आणि आमचं पूर्ण विमान दीडशे ग्रॅमच्या घरात. शेपटीकडे जास्त गोंद गेला तर तो तोलायला नाकाशी आणखी वजन लावावं लागतं. म्हणून स्वयंपाकघरातला काटा शेजारी ठेवायचा. गनचं टोक खूप तापतं, तेव्हा मुलाजवळ कुणीतरी मोठं माणूस बसलेलं हवंच.

पंख धडाला मात्र गोंदानं जोडायचाच नाही. तिथे दोन रबर बँड. विमान आपटलं की रबर ताणतं, पंख सरकतो किंवा निसटतो, आणि मोडत काहीच नाही. विमानाचे हौशी लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. सगळंच घट्ट जोडून ठेवलं की धक्का बसल्यावर सगळंच मोडतं.

उडवायचं कुठे

आम्ही हातानं फेकायचं विमान केलं, रिमोटचं नाही. रिमोटवर उडणाऱ्या मॉडेलना ड्रोन नियम 2021 लागू होतात, आणि धरणाच्या आसपास तर तसला विचारही नको. पावसाची उघडीप बघून, मोकळ्या गवताळ जागी, आणि पक्षी पिल्लांना भरवत असतील त्या झाडांपासून लांब. अभयारण्य इतक्या जवळ आहे की एवढं भान आपण ठेवायलाच हवं.

संक्रांतीला आमच्याकडे पतंग उडवत नाहीत. मांजा म्हणजे तरी काय, दोऱ्याला चिकटवलेली काचेची पूड. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2017 मध्ये बंदी घातली, तरी दर वर्षी पक्ष्यांचे पंख कापले जातात. धाकट्याला आकाशात काहीतरी सोडायचं होतं आणि आजीला आकाशातल्या कुणाला इजा नको होती. या विमानात दोघांचंही मन राखलं गेलं. त्याला दोरा नाही, धार नाही.

वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. एवढ्या मोठ्या पवनचक्कीचं पातं साधारणपणे काचेच्या धाग्यांची दोन कवचं एकमेकांना चिकटवून करतात, हे मी धाकट्याला सांगितलं. त्यानं लगेच विचारलं, "मग त्यांनी पाटी घासली असेल का आधी?" घासतात, पुसतात, तयारी करतात. गोंद कुठलाही असो, निम्मं काम पृष्ठभागाच्या तयारीचं असतं.

जाता जाता

समयसाराच्या बंध अधिकारात आचार्य कुंदकुंदांनी एक दृष्टांत दिलाय. एक माणूस अंगाला तेल लावून धुळीच्या जागी व्यायाम करतो आणि धूळ त्याच्या अंगाला चिकटते. दुसरा तेलाशिवाय तोच व्यायाम त्याच जागी करतो, त्याला धूळ चिकटत नाही. धूळ चिकटते ती हालचालीमुळे नाही, तेलामुळे. तसं कर्म चिकटतं ते रागद्वेषामुळे. सासूबाईंनी हा दृष्टांत धाकट्याला सांगितला, तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे आज्जी, सनपॅक वीतराग आहे!" त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "सनपॅकला कळत नाही रे, म्हणून चिकटत नाही. आपल्याला कळून चिकटू द्यायचं नाही."

ज्यांच्या घरी दमा नाही आणि अंगण कोरडं आहे, त्यांनी रबराचा गोंद वापरायला हरकत नाही. दिवसा, बाहेर, वर जाळी किंवा ताट झाकून. आमच्या घराला तो झेपणारा नव्हता. म्हणून घराला झेपेल तो गोंद घेतला आणि त्यात जी ताकद कमी होती ती टाक्यांनी, काड्यांनी आणि रबर बँडनं भरून काढली. या पद्धतीचा एक फायदा नंतर लक्षात आला. विमान जुनं झालं की दोरा कापायचा, काडी ओढून काढायची, गोंदाची बटणं उचकटायची. पाटी पुन्हा पाटी होते. तिच्यातून दुसरं काहीतरी करता येतं, नाहीतर भंगारवाला तरी घेतो.

धाकट्याचं दुसरं विमान सध्या वहीत आहे. त्याचे पंख मीटरभर लांब होणार म्हणे. आज्जीनं वाकळीचा दोरा आत्ताच काढून ठेवलाय.

जय जिनेंद्र!